न लागलेला कौल

तिरोडकरबाई सिनेमा बघायला बसल्या की आमचं अर्धं लक्ष पडद्याकडे आणि अर्धं बाईंकडे असायचं. पहिल्या रांगेतली उजव्या टोकाची खुर्ची त्यांची. चपला काढायच्या, एक पाय दुमडून घ्यायचा, मांडीवर छत्री आडवी ठेवायची. पडद्यावर तळघरातल्या शवपेटीचं झाकण करकरत उघडतंय, हॉलमध्ये कोणी श्वास घेत नाही, आणि तेवढ्यात पुढून खणखणीत आवाज येणार, "अरे, त्या बिजागरेक कोणीतरी तेल घाला रे!" सगळा हॉल हसायचा. पण हसणं ओसरल्यावर तीच करकर दुप्पट अंगावर यायची. हे बाई मुद्दाम करत असत, हे मला फार उशिरा कळलं.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. मालवणच्या शाळेत त्यांनी इंग्रजी शिकवलं आणि मी मराठी. आमचं कधी पटलं नाही. त्या मला सगळ्यांसमोर ‘गुरुजी’ म्हणायच्या, तेही अशा सुरात की धोतर नेसून आलो नाही याची मला लाज वाटावी. "गुरुजी, तुमचा मराठी एवढा शुद्ध, भुताक कळाचा नाय हां," असं म्हणून खो खो हसायच्या. मी चिडायचो. चिडू नको तर काय करू? पण वाचनालयाच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम असायचा आणि वाचनालयाचा चिटणीस मीच होतो. त्यामुळे मनात असो नसो, मी प्रत्येक शनिवारी तिथे हजर.

कार्यक्रम कसला, तर एका इंग्रज दिग्दर्शकाच्या जुन्या सिनेमांचं परीक्षण. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, त्याच्या देशातही ते आता कोणी घेत नसेल. बाई त्याला नुसतं ‘सायब’ म्हणायच्या. हा सायब एका वर्षी भुताखेताचा सिनेमा काढायचा, दुसऱ्या वर्षी समुद्रावरच्या साहसाचा, आणि पुन्हा भुताकडे वळायचा. कॉलेजात असताना कोल्हापूरला बाईंनी त्याचा सिनेमा पहिल्यांदा बघितला. मध्येच इतक्या घाबरल्या की एक चप्पल खुर्चीखाली सोडून बाहेर पळाल्या. दुसऱ्या दिवशी चप्पल आणायला गेल्या, ती काही मिळाली नाही, म्हणून तिकीट काढून उरलेला सिनेमा बघितला. तेव्हापासून सायब त्यांच्या मागे लागला, असं त्या सांगायच्या. पुढे भाच्याकडून, नेटवरून, कुठून कुठून त्यांनी त्याचे सिनेमे जमवले आणि प्रत्येकाला आपलं मालवणी नाव दिलं. ‘भिंतीतलो हात’, ‘जिन्यावरची बाय’, ‘मढ्याचो पावणो’. सिनेमाची मूळ नावं मला आजही माहीत नाहीत.

शाळेतही त्यांनी इंग्रजी शिकवलं ते भीती घालूनच. पॅसिव्ह व्हॉइस शिकवायचा दिवस आला की वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "द डोअर वॉज ओपन्ड. दार उघडला गेला. कोणी उघडला? ता सांगणत नाय. हेका म्हणतत पॅसिव्ह. जंय करणाऱ्याचा नाव लपवतत, थंय भुताक जागा गावता." पोरं गारठून बसायची. मालवणात आज पन्नाशीला आलेले रिक्षावाले तुम्हाला पॅसिव्ह व्हॉइस बिनचूक करून दाखवतील.

पण बाईंचं खरं वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा कौल. आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. देवळात गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बाई सिनेमाचं परीक्षण तसं करायच्या. शेवटी उभ्या राहून, पदर खोचून, सायबाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायच्या: "हे देवा म्हाराजा! ह्या सायबान आपल्या बुद्धीप्रमाणे ह्यो सिनेमा केल्यान. दिवेवाल्यान दिवे लावल्यान, रंगवणाऱ्यान तोंडा रंगवल्यान, बायलमाणसांनी किंकाळे मारल्यानी. तेंची कायव चूकभूल झाली आसात तर ती पदरात घे, आणि खरा काय ता आमका दाखय रे म्हाराजा!" आणि सगळा हॉल एका आवाजात म्हणायचा, "होय म्हाराजा!" मग बाई डोळे मिटून थोडा वेळ थांबायच्या आणि एक हात वर करायच्या. उजवा किंवा डावा.

मला हा चावटपणा वाटे. देवाधर्माची थट्टा कशाला? एकदा तसं बोललोही. बाई म्हणाल्या, "थट्टा नाय ओ, गुरुजी. गाऱ्हाण्यात सगळ्यांची नावा घेतल्याशिवाय निकाल देवचो नाय, ही आपली रीत बरी आसा. पेपरात परीक्षण लिवणारे नायकाचा नाव घेतत आणि मोकळे होतत." मी विषय बदलला.

सायबाच्या कामातलं बारीकसारीक त्यांना पाठ होतं. त्याच्याकडे पैसा नसायचा, म्हणून तोच एक जिना सगळ्या सिनेमांत यायचा. बाई त्याला ओळखीच्या माणसासारखं "इलो बघा जिनो!" म्हणायच्या. भूत अर्ध्या सिनेमाच्या आधी दाखवायचं नाही, हा त्याचा नेम. साहसपटात मात्र तो आळशी, नुसत्या धुक्यानं वेळ मारून न्यायचा. पण एका गोष्टीवर बाई जीव टाकायच्या. सायब किंकाळी तोडत नसे. बाकीचे दिग्दर्शक किंकाळी फुटली की दुसरं काहीतरी दाखवतात. हा त्या माणसाच्या तोंडावर कॅमेरा धरून ठेवायचा, ओरडणं संपेपर्यंत. "माणूस ओरडता तेव्हा तेका पुरा ओरडाक देवचा," बाई म्हणायच्या. "एवढी माणुसकी आसा ह्या सायबाकडे."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यावरच आलं.

सायबाचा एक साहसपट बाईंना कित्येक वर्षं मिळत नव्हता. तो मिळाला आणि त्यांनी वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: ‘येत्या शनिवारी, सायबाचो आपल्या किनाऱ्यावरल्या चाच्यांचो सिनेमा.’ झालं! कोणीतरी फळ्याचा फोटो काढला आणि दुपारपर्यंत तो गावभर फिरला. आमच्या समोर समुद्रात किल्ला उभा आहे. इथल्या पोरांच्या रक्तात आरमार आहे. आपल्या किनाऱ्यावरचे चाचे म्हणजे कोण, हे कोणी कोणाला समजावून सांगायला नको होतं.

संध्याकाळी मंगेश कोयंडे चारपाच जणांना घेऊन बाईंच्या घरी आला. मंगेश तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेतो, दांडगा गडी, आवाज असा की बोटीवरून किनाऱ्याला ऐकू जावा. बाईंचाच विद्यार्थी. मी तिथे होतो, कारण मीही बाईंना कार्यक्रम रद्द करा म्हणून सांगायलाच गेलो होतो.

"बाईनू, ह्यो सिनेमा दाखवचो नाय."

"कित्याक रे?"

"आमच्या आरमाराक चाचे म्हटल्यानी तेच्यात."

"तू बघितलस?"

"बघूक कित्याक व्हयो? तुमीच फळ्यार लिवल्यात!"

"मंगेशा, दहावीक पण तू पुस्तक न बघताच पेपर लिवललस," बाई म्हणाल्या. एरवी यावर मंगेश हसला असता. तो हसला नाही.

"दाखवचोच आसात तर दाखवा. पण डावो कौल देवचो आणि सगळ्यांसमोर माफी मागाची. नायतर हॉलाक कुलूप. माझ्या हातान लावतलंय."

"कौल मी देनंय नाय रे," बाई म्हणाल्या. "मी फक्त गाऱ्हाणा घालतंय." आणि आत निघून गेल्या.

ती मंडळी गेल्यावर मी बाईंना चांगलंच झापलं. म्हटलं, सत्तरी उलटली, आता हे कशासाठी? एका इंग्रजाच्या टुकार सिनेमासाठी? बाईंच्या ताटात भात तसाच पडला होता, सार निवून गेलं होतं. मग त्या एकदम म्हणाल्या, "गुरुजी, बुडणारो माणूस काय ओरडता?"

"वाचवा म्हणत असेल. आणखी काय म्हणणार?"

"कोणत्या भाषेत?"

"आपल्या. दुसऱ्या कोणत्या?"

"आपल्याच," बाई म्हणाल्या आणि ताट उचलून मोरीत ठेवून आल्या. दाराची कडी त्यांनी दोनदा तपासली. मला वाटलं, मंगेशला घाबरल्या.

शनिवारी हॉल फुटायच्या बेतात. खिडक्यांत माणसं, दारात एक पोलीस, मागच्या भिंतीला मंगेश आणि त्याची पोरं, हाताची घडी घालून. मंगेशच्या हातात कुलूप होतं, ते तो मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं धरून उभा होता. आमचे अध्यक्ष ‘तब्येत बरी नाही’ म्हणून आलेच नव्हते. सिनेमा सुरू झाला. कंपनीचं जहाज, त्यावर गोरे गोरे शूर अधिकारी, आणि आपल्या बाजूचे म्हणजे तोंडाला तपकिरी रंग फासलेले इंग्रज, डोक्याला मुळ्याच्या जुड्यांसारखे फेटे बांधून ‘हूं हूं’ करत नाचणारे. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. कोणीतरी "बंद करा!" म्हणून ओरडलं. एक खुर्ची आपटली. पोलीस उगाच घसा खाकरून गप्प बसला.

बाई उठल्या. लॅपटॉप थांबवला आणि वळून छत्रीचं टोक जमिनीवर आपटलं.

"आवाज नको. माझ्या वर्गात आसात तुमी."

इतक्या वर्षांची सवय! हॉल गप्प झाला. बाईंनी सिनेमा पुढे नेला. लढाईचा प्रसंग होता. जहाजाच्या कडेवरून चाचे पाण्यात पडतात. स्टुडिओतलं टाक्याचं पाणी, पण खोल असावं. पडद्याच्या अगदी डाव्या कडेला एक हडकुळा माणूस पडतो, वर येतो, तोंड उघडून काहीतरी ओरडतो, आणि चित्र तुटून पुन्हा गोऱ्या कप्तानावर येतं. कप्तान म्हणतो, ऐका, ही त्यांची रणगर्जना.

"काय म्हणालो तो?" बाईंनी विचारलं.

कोणी म्हणालं अरबी, कोणी म्हणालं आपली थट्टाच चाललीय. बाईंनी पुन्हा लावलं. पाणी, हडकुळा माणूस, ओरडणं, कप्तान. पुन्हा विचारलं. मागून मंगेश म्हणाला, "परत लावा." त्याचा आवाज बदलला होता.

तिसऱ्यांदा लावलं. कोणीतरी खुदकन हसलं, कारण कानावर आलं ते अगदी घरातलं होतं. इंग्रजी सिनेमात, रणगर्जनेत, तो माणूस म्हणत होता, "आये गे! माका पेवक येना ना..."

"पेवक येना नाय म्हणता तो," मंगेश म्हणाला. "बाईनू, तेका पोहता येना नाय. ह्यां नाटक नाय. तो खरोच बुडता."

मंगेश रोज पाण्यात असतो. घाबरलेली माणसं तो रोज पाण्यातून वर काढतो. त्यानं म्हटलं म्हणजे म्हटलं.

"आणि हंय चित्र तुटला," बाई म्हणाल्या. "ह्यो सायब किंकाळी कधी तोडना नाय. आमी सगळ्यांनी बघितलेला आसा. ह्या एकाच जाग्यार तोडल्यान. कित्याक? पुढे काय झाला? ता माका म्हायत नाय."

त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आवाज नेहमीसारखा चढला नाही. लोकांनी "होय म्हाराजा" म्हटलं तेही दबक्या आवाजात. बाई डोळे मिटून उभ्या राहिल्या. आम्ही वाट बघत राहिलो. कुठलाच हात वर गेला नाही. शेवटी डोळे उघडून त्या म्हणाल्या, "कौल लागूक नाय."

देवळात असं होतं कधी कधी. दोन्ही पाकळ्या चिकटून राहतात, एकही पडत नाही. मग गुरव म्हणतो, गाऱ्हाण्यात कोणाचा तरी नाव रवला. ते राहून गेलेलं नाव शोधून, ते घेऊन पुन्हा गाऱ्हाणं घालेपर्यंत देव बोलत नाही. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. माणसं उठून मुकाट्यानं चपला शोधू लागली. मंगेश कुलूप खिशात घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंच्या दारात. हातात एक जुना फोटो, कडा कुरतडलेला. "आमच्या आजयेचो भाव. बोटीर खलाशी होतो. विलायतेक गेलो तो येवक नाय. बाईनू, ह्यो तो तर नसात?" बाईंनी फोटो खिडकीशी नेऊन बघितला. सिनेमातला चेहरा रंगानं माखलेला, पाण्यात अर्धा बुडालेला. कसं सांगणार? संध्याकाळी देवबागहून एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांचा काका. मग आचऱ्याहून एक बाई, तिचा चुलत सासरा. आमच्या किनाऱ्यावर दर दहा घरांत एक बोटीवर गेलेला आणि परत न आलेला निघतो, हे मला माहीत होतं. पण ते सगळे असे एका माणसात गोळा होतील, असं वाटलं नव्हतं.

बाईंची झोप उडाली. एक दिवस पडवीत बसल्या असताना त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, सगळा आयुष्य मी ह्या सायबाचे गुण गायलंय. पोरांका सांगलंय, हेच्याकडे माणुसकी आसा. आता तो जर माणूस बुडताना कायमेरो चालू ठेवणारो आसात आणि वर तेकाच रणगर्जना म्हणणारो आसात, तर मी कोणाचे गुण गायलंय?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या समोर त्या पहिल्यांदाच रडल्या. "बाई, तो वर आला असेल हो," एवढंच मी म्हटलं.

"आसात तर तो पुढच्या सिनेमांत गावतलो," बाई म्हणाल्या. "सायब तीच तीच माणसा घेता. जिनो सोडना नाय, तो माणूस कसो सोडतलो?"

आणि शनिवारचे कार्यक्रम बदलले. त्या सिनेमानंतरचे सायबाचे सगळे सिनेमे बाईंनी एकेक करून लावले. आता नायकाकडे कोणी बघेना. आम्ही सगळे त्या हडकुळ्याला शोधत पडद्याच्या कडा बघायचो. चहाचा ट्रे आणणारा नोकर, घोडा धरून उभा असलेला, दारावरचा पहारेकरी, गर्दीत मरून पडलेला. बाईंचं परीक्षणही आता या माणसांचंच. "हेका सायबान उजेडात ठेवूक नाय, पण हेच्या हातातलो कंदील बघा, कसो स्थिर आसा!" श्रेयनामावली आली की त्या छत्रीनं एकेक नाव दाखवायच्या. चाच्यांच्या सिनेमाच्या नामावलीत आपल्याकडचं एकही नाव नव्हतं. "अ मॅन वॉज ड्राऊन्ड," बाई पुटपुटायच्या. "पॅसिव्ह."

मंगेश दर शनिवारी यायला लागला. लॅपटॉप तोच चालवायचा. येताना त्याच्या आजीला, वासंतीआजींना, घेऊन यायचा. फोटोतल्या खलाशाची ही धाकटी बहीण. नव्वदीला टेकलेली, कापडी पिशवीत तो फोटो घेऊन बसायची.

एकदा एका सिनेमात पगडी घातलेला हडकुळा नोकर दारातून आत आला आणि सगळा हॉल उभा राहिला. वासंतीआजी "तोच, तोच!" म्हणून रडू लागल्या. बाईंनी चित्र थांबवलं, मोठं केलं. कानामागे रंग पोचला नव्हता. गोरी कातडी दिसत होती. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, "नाय गो आजये, ह्यो तो नाय." त्या दिवशी त्यांनी कौल घेतलाच नाही. आम्ही आजींना रिक्षात बसवलं तेव्हा त्या नुसत्या फोटोवरून बोट फिरवत होत्या.

या सगळ्यात बाईंचे कान गेले. आधीपासून कमी ऐकू यायचं, ते आता भराभर कमी झालं. कुडाळहून यंत्र आणलं. त्यात त्यांना पंखेच मोठे ऐकू यायचे, म्हणून त्या ते काढून पर्समध्ये टाकायच्या. कानांवर जगलेली बाई ती, त्यांच्या तोंडावरची भीती मला बघवायची नाही. सिनेमे संपत आले होते. शेवटी एकच उरला, चाच्यांच्या सिनेमानंतर लगेचच्या वर्षीचा. तो कुठेच मिळत नव्हता. मंगेशनं नेटवर कुठून कुठून शोधून आणला. बाईंनी घरी तो कान लॅपटॉपला लावून बघितला आणि मला बोलावलं.

"ह्यो भुताचो आसा. पेटीतला मढा उठता, सगळा अंग कापडान गुंडाळलेला. चालता चालता कायतरी बोलता. माका नुसती गुरगुर आयकाक येता, गुरुजी. पण ता इंग्रजी नाय. इंग्रजीची चाल माका कळता. ह्यां काय आसा ता माका कळना नाय." त्यांनी माझा हात धरला. "माका भीती वाटता. हेच्यात पण नसलो तर तो गेलोच समजाचो."

मी लावून बघितलं. मलाही गुरगुरच ऐकू आली. माझं मराठी शुद्ध ना!

त्या शनिवारी दिवसभर ऊन असं होतं की संध्याकाळीही हॉलची फरशी पायाला चटके देत होती. बाई म्हणाल्या, "पंखे बंद करा. दारा लावा." केली बंद. माणसं घामानं निथळत होती, पण कोणी हललं नाही. वासंतीआजींना पुढे, बाईंच्या शेजारी बसवलं होतं. मंगेश लॅपटॉपला जोडलेल्या स्पीकरजवळ जमिनीवर बसला.

गुंडाळलेलं मढं जिन्यावरून उतरत होतं. तोच जिना. "इलो जिनो," बाई सवयीनं म्हणाल्या, पण कोणी हसलं नाही. कथेत ते हजारो वर्षांपूर्वीचा शाप उच्चारत होता. कापडाच्या आतून खोल, दबलेला आवाज. मंगेशनं पुन्हा लावलं. मी त्याच्याकडे बघत होतो. तिसऱ्यांदा त्यानं कान स्पीकरला टेकवला, डोळे मिटले. आणि मग त्याचे खांदे हलायला लागले.

तो उठला आणि बाईंच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला. बाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, एखादं पोर निकालाच्या दिवशी बघतं तशा.

"काय म्हणता रे? मंगेशा, काय म्हणता तो?"

मंगेशनं तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि बोटीवरच्या आवाजात, शब्द तोडून तोडून सांगितलं: "आये, मी बरो आसंय. काळजी करू नको. आता माका पेवक येता."

बाईंना एकदा ऐकून पुरेना. "परत सांग." त्यानं परत सांगितलं. आता स्पीकरमधूनही सगळ्यांना ते स्वच्छ ऐकू येत होतं, एकदा कळल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. सायबानं त्याला सांगितलं असणार, तुझ्या भाषेत काहीही बोल, इथे कोणाला कळणार आहे? आणि त्यानं घरी निरोप पाठवला होता.

"पुरा बोल्लो?" बाईंनी विचारलं.

"पुरा बोल्लो, बाईनू. सायबान तोडूक नाय. संपेपर्यंत थांबलो."

बाईंचा उजवा हात वर गेला. छत्री मांडीवरून खाली पडली ती कोणी उचलली नाही. मी बाईंना हॉलमध्ये बघितलं ते त्या दिवशी शेवटचं. पुढे त्या घराबाहेर पडल्या नाहीत. तेव्हा त्या तशाच हात वर धरून बसल्या होत्या, गाल ओले, आणि हसत होत्या.

शेजारी वासंतीआजींनी पिशवीतून फोटो काढून छातीशी धरला. तो त्यांचाच भाऊ होता की देवबागचा कोणी की आचऱ्याचा, हे आजही आम्हाला माहीत नाही. कोणी विचारलंही नाही. आजी पडद्याकडे बघून म्हणाल्या, "आयकलंय रे. आयेक मी सांगतंय. आता जातलंयच मी तिच्याकडे."

सगळा हॉल म्हणाला, "होय म्हाराजा."

बाईंना ते ऐकू आलं नाही. पण आमची तोंडं हललेली त्यांना दिसली असावीत. त्यांनी एकदा मंगेशकडे, एकदा आमच्याकडे बघितलं, आणि सगळ्यांच्या मागून, थोड्या उशिरा, एकट्याच म्हणाल्या, "होय म्हाराजा." मग मी उठून पंखे लावले.